'हलका' : एका शब्दाची झडती

१

गेल्या वर्षी वह्या तपासताना एका विद्यार्थिनीच्या निबंधाखाली मी लाल शाईने शेरा मारला : 'आशय चांगला. भाषा हलक्या दर्जाची. सुधारावी.' मुलगी चौसाळ्याकडची. घरचे दसरा झाला की उसाच्या फडावर जातात, ते उन्हाळ्यात परततात. निबंधात तिने फडावरचा एक दिवस लिहिला होता. पहाटे तीनला उठणारी माय, कोपीत निजलेली धाकटी भावंडं, पाचट, मोळी, वाढं, मुकादमाची हाक, असे सगळे त्यात होते. वही परत मिळाल्यावर ती वर्गातच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हलक्या दर्जाची म्हंजी कशी? मोंढ्यात माल हलका हाय म्हणलं तर मूठभर हातावर घिऊन दाखवितेत. तुमी बी दाखवा की."

वर्ग हसला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. 'प्रमाणभाषा', 'ग्राम्यता', 'संस्कार' असे शब्द फेकले आणि तास संपवला. घरी आल्यावर मात्र मला स्वतःपुढे कबूल करावे लागले की तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी 'हलकी' म्हणालो होतो आणि हातावर दाखवायला मूठभरही दाणे माझ्यापाशी नव्हते. तिने वापरलेले शब्द मला परके होते असेही नाही. माझ्या घरातला मीच पहिला पदवीधर. ते शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ठाऊक होते म्हणूनच माझी लाल शाई त्यांच्यावर इतकी तत्परतेने चालली, हे मला आता दिसते.

हा लेख तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. 'हलका' हा शब्द मालावरून माणसावर कोणत्या वाटांनी आला आणि माणसावरून साहित्यावर कसा गेला, एवढेच मला पाहायचे आहे. आपण चळवळीतली माणसे मोठमोठ्या शब्दांशी झुंजतो. वर्ण, धर्म, संस्कृती, परंपरा या शब्दांची आपण पुष्कळ चिरफाड केली. पण रोज तोंडात असणारे लहान शब्द नजरेतून सुटतात आणि व्यवस्था पुष्कळदा त्यांच्याच आडोशाने टिकून राहते.

२

शब्दाचे कूळ साधे आहे. संस्कृतात 'लघु', प्राकृतात 'लहुअ', आणि अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलुअ'. त्यातूनच आपला 'हलका' आणि आपला 'हळू'. मूळ अर्थ वजनाचा : जे उचलायला जड नाही ते हलके. या अर्थात निंदा नाही. आजाऱ्याला हलका आहार देतात, जखम हलक्या हाताने पुसतात, रडून झाल्यावर मन हलके होते. मराठी भावकवितेने हा मऊ अर्थ पुष्कळ जोपासला. तिथे वारा हलका, पाऊल हलके, स्पर्श हलका. शाळेतल्या कवितांतून मराठी मुलाला हा शब्द भेटतो तो असा. आमच्या वस्तीतल्या मुलाला तो त्याआधीच दुसऱ्या रूपात भेटलेला असतो : 'हलक्या जातीचा'. एकाच भाषेतल्या दोन मुलांना एकच शब्द दोन वेगळ्या दारांतून भेटतो. मराठीच्या वर्गात या गोष्टीची दखल कुणी घेत नाही, मीही घेतली नव्हती.

दुसरा अर्थ बाजारातला. चौसाळ्याच्या बाजारात किंवा बीडच्या मोंढ्यात उभे राहावे म्हणजे तो नीट कळतो. ज्वारीचा दाणा भरला नाही, पोचट राहिला, तर माल हलका. तुरीत काडीकचरा निघाला, सोयाबीन ओले लागले, दाणा डागी दिसला, तर माल हलका. कापसात कवडी फार असली किंवा फरदडीचा कापूस असला, तर भाव पडतो. सरकारी हमीभावाच्या खरेदीत याच गोष्टीला 'एफएक्यू' नावाचे परिमाण लावतात आणि ओलाव्याची टक्केवारी यंत्रावर मोजतात.

बाजार न्यायी असतो असे मला म्हणायचे नाही. 'माल हलका आहे' या तीन शब्दांनी शेतकऱ्याची वर्षाची कमाई किती वेळा खाली ओढली जाते, कडत्याच्या नावाने किती किलो कापले जातात, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. पण लुबाडणाऱ्यालासुद्धा तिथे पोत्यात हात घालावा लागतो. मूठ बाहेर काढून उघडावी लागते. विकणारा त्या मुठीत पाहू शकतो, भांडू शकतो, माल उचलून दुसऱ्या आडतीवर नेऊ शकतो. म्हणजे बाजारातल्या 'हलक्या'ला तीन बंधने आहेत. ते दाखवावे लागते. त्याचे कारण सांगावे लागते : पाऊस कमी पडला, कीड लागली, काढणीत भिजले. आणि ते बदलता येते : चाळणी मारा, ऊन द्या, निवडा, की तोच माल वरच्या प्रतीत जातो. शिवाय तो निर्णय त्या पोत्यापुरता, त्या हंगामापुरता असतो. यंदा हलकी निघालेली ज्वारी पुढच्या साली त्याच रानात टपोरी येऊ शकते.

माणसाला 'हलका' म्हणताना या तिन्ही बंधनांतले एकही पाळले जात नाही. दाखवायचे काय, ते नसते. कारण विचारले तर मागच्या जन्माकडे बोट जाते. आणि बदल तर नाहीच : शिका, कमवा, धुतलेले कपडे घाला, शहरात जा, प्रत तीच. तरीही ऐकणाऱ्याला हा शब्द खरा वाटतो, कारण तो बाजारातली विश्वासार्हता बरोबर घेऊन येतो. जणू कुणीतरी कधीतरी पोत्यात हात घालून पाहिलाच आहे!

या दोन अर्थांमधला पूल म्हणजे 'जात' हा शब्द. आपण 'चांगल्या जातीचा गहू' म्हणतो, 'हलक्या जातीचा तांदूळ' म्हणतो, आणि त्याच तोंडाने 'हलक्या जातीचा माणूस' म्हणतो. गव्हाच्या जाती खरोखरच निरनिराळ्या असतात. त्यांचे बी वेगळे, दाणा वेगळा, पोळी वेगळी. भाषेने एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे माणसांच्या जातीही बियाण्यासारख्या निसर्गाने दिलेल्या आहेत असा भास विनासायास तयार होतो. त्यासाठी कुणाला मनुस्मृती उघडावी लागत नाही. किराणा दुकानात उभे राहिले तरी पुरते.

३

शब्द मालावरून माणसावर येण्याची पहिली वाट जमिनीची. चौसाळा बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूर-धुळे महामार्गावर. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावकडे काळी खोल जमीन, आणि आमच्याकडे बरेचसे रान मुरमाड. शेतकरी एकीला 'भारी' म्हणतात, दुसरीला 'हलकी'. यात खोटे काही नाही. इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली, तिच्यातही मातीचा रंग, खोली, चुनखड, उतार पाहून सोळा आण्यांपासून खाली प्रत लावली गेली. खड्डा खणून पाहता येईल अशी ती प्रत होती.

प्रश्न पुढचा आहे. हलकी जमीन कुणाच्या वाट्याला आली? गावकीची कामे करणाऱ्यांना मिळालेला तुकडा, गावकुसाबाहेरची पड, गायरानाचा खडक. या जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा लढा उभा केला, तो अशाच जमिनींसाठी. राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जातीजमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले, तरी कागद हाती येण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. या लढ्यात एक गोष्ट वारंवार दिसली. जोवर त्या जमिनीवर कुसळे होती तोवर ती 'हलकी' होती आणि कुणाला नको होती. आमच्या माणसांनी दगड वेचले, बांध घातले, बाजरी-तूर उगवून दाखवली, तेव्हा ती एकाएकी गावाच्या गुरांची, गावाच्या हक्काची, गावाच्या इभ्रतीची झाली. उभ्या पिकात गुरे सोडली गेली. जमिनीचे वजन कष्टाने वाढले हे गावाने ओळखले. ते वाढवणाऱ्याचे वजन मात्र मान्य केले नाही.

४

दुसरी वाट ताटातली. खळ्यावर धनधान्याची रास होई, तेव्हा वरचा दाणा घरात जाई आणि खाली उरलेले, मातीत मिसळलेले मातेरे बलुत्यात पडे. मातेरे पाखडून, धुऊन, निवडून भाकरी करायची ती आमच्या आज्यांनी. एका मुठीत किती दाणे आणि किती खडे, हे त्यांच्याइतके कुणाला कळत असेल असे मला वाटत नाही. प्रतवारीचे सगळ्यांत सूक्ष्म ज्ञान ज्या बायकांकडे होते, त्यांनाच हलके म्हणणारी ही समाजव्यवस्था आहे.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. खडी फोडायच्या कामांवर सुकडी वाटली गेली. ज्यांच्या कणगीत शाळू होता त्यांनी मिलोला नाके मुरडली आणि ज्यांच्याकडे कणगीच नव्हती त्यांनी ती खाल्ली. भूक भागवणारे ते धान्य होते. पण बोलण्यात 'मिलो' हा टोमणा झाला. पुढे 'हायब्रीड' या शब्दाचेही तसेच झाले आणि 'रेशनचा' हे विशेषण तर आजही माणसाच्या अंगाला चिकटवले जाते. हलका माल खाणारा तो हलका, असे समीकरण त्यातून बनले. हलका माल त्याच्याच ताटात का पडला, हा प्रश्न त्या समीकरणात बसत नाही.

५

तिसरी वाट कामाची आणि ती सगळ्यांत रुंद. 'हलकी कामे' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. वजनाच्या अर्थाने पाहिले तर तो उलटाच आहे. मेलेले जनावर ओढणे हलके नसते. मैला उचलणे हलके नसते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हलके नसते. मराठीत जी कामे सगळ्यांत जड, त्यांनाच 'हलकी' म्हणतात. आणि गादीवर बसून वही लिहिण्याचे काम, जे खरोखर हलके, ते 'वरच्या दर्जाचे'. शब्द असा डोक्यावर उभा राहतो तेव्हा समजावे की कुणीतरी तो मुद्दाम उलटा धरला आहे. हलके म्हटले की मजुरी हलकी ठेवता येते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

कायद्याच्या भाषेनेही हेच केले. जुन्या मुंबई राज्यात महारांच्या आणि इतर सेवकांच्या वतनांना 'कनिष्ठ' म्हटले जाई. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, कारण वतन म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यावर अष्टौप्रहर राबवण्याचा परवाना आहे हे त्यांनी ओळखले होते. ही वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोही 'कनिष्ठ गाव वतने' याच नावाने. पाटीलकीसाठी १९६२ साली वेगळा कायदा झाला. गुलामी रद्द करतानाही तिच्यावरची प्रतवारीची चिठ्ठी काढून टाकावी असे कुणाला वाटले नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातून आलेला, इथले कायदे निराळे होते. कामांची वाटणी मात्र निराळी नव्हती.

शहरात गेल्याने हा शब्द सुटला असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या उष्ट्याने इतरांना विटाळ होई. विणकामात पगार जास्त. म्हणजे त्याने कमी पगाराच्या खात्यातच राहायचे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. हे सगळे जुने झाले म्हणणाऱ्यांसाठी एक ताजी गोष्ट सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला असा निकाल द्यावा लागला की तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून झाडलोट अमुक जातींना आणि स्वयंपाक तमुक जातींना देण्याचे नियम घटनाबाह्य आहेत. राज्यघटना येऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावरही कैद्यांच्या कामांची अशी जातवार प्रतवारी सरकारी छापील पुस्तकांत शिल्लक होती.

आमच्या फडावरच्या भाषेत तर माणूस मोजण्याचे मापही अवजाराचे आहे. नवराबायको मिळून 'एक कोयता'. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. त्यात बाई कुठे आहे हे शोधावे लागते. त्या मुलीने निबंधात लिहिले होते की माय आजारी पडली त्या दिवशी बापाचा कोयता अर्धा झाला. मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती. अलंकार चुकला आहे असे मला वाटले होते. तिथे अलंकार नव्हताच, हिशेब होता.

६

चौथी वाट जन्माची, आणि तिथे मराठी भाषेने आपला सगळ्यांत क्रूर शब्द घडवला : अक्करमाशी. शब्द सोनाराच्या तराजूतला. तोळ्याचे मासे बारा. त्यात अकरा मासेच खरे असतील तर ते कमअस्सल. हा हिशेब लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराला लावला गेला. बारामाशी तो अस्सल, अक्करमाशी तो एका माशाने उणा. हलक्या मालाचे नाव सरळ माणसाचे नाव झाले.

शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनाला हाच शब्द नाव म्हणून दिला. आई महार, बाप लिंगायत पाटील, आणि या दोहोंमध्ये स्वतःचे नाव-गाव-जात शोधणारा मुलगा. या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला फक्त त्याच्या नावाविषयी बोलायचे आहे, कारण ते नाव म्हणजे समीक्षेची एक कृती आहे असे मी मानतो. बाजारात भेसळ सापडली तर खटला भेसळ करणाऱ्यावर चालतो. अन्नभेसळीचा कायदा या देशात १९५४ पासून आहे आणि त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. जन्माच्या बाजारात मात्र पाटील बारामाशीच राहतो, त्याच्या वजनात गुंजभर फरक पडत नाही. उणे ठरते ते लेकरू, आणि त्याहून उणी त्याची माय. बाईला 'माल' म्हणणारी भाषा आणि तिच्या लेकराला कमअस्सल म्हणणारी भाषा एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेल्या आहेत. लिंबाळे यांनी हा शब्द मुखपृष्ठावर छापला तेव्हा तोलणारा उघडा पडला. वाचक पुस्तक हाती घेतो आणि त्याला विचारावेच लागते की हे वजन केले कुणी.

दलित साहित्यातली इतर काही नावेही या अंगाने पाहण्यासारखी आहेत. बाबुराव बागुलांचा १९६३ चा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. तिथे जात ही चोरता येणारी चीजवस्तू आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) हे नाव खळ्यावरच्या वाट्याचे. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) हे नाव माल उचलणाऱ्याचे. आमच्या लेखकांनी नावे शोधायला पुराणे उघडली नाहीत. खळे, बाजार, तराजू, चोरी आणि वाटणी यांतून ती उचलली. हा योगायोग मला वाटत नाही. ज्या शब्दांनी माणसाला मालाच्या रांगेत बसवले, त्याच शब्दांना त्यांनी साक्षीला उभे केले.

याआधी असा प्रयत्न झालाच नव्हता असे नाही. चौदाव्या शतकात चोखोबांनी उसाचा दृष्टान्त घेतला. ऊस वाकडा दिसला म्हणून त्याच्या रसाला वाकडेपणा येत नाही, असे त्यांचे सांगणे. ऊसतोड्यांच्या या जिल्ह्यात तो दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. त्यात मोठे धैर्य होते. पण त्या धैर्याची मर्यादाही आपण सांगितली पाहिजे. बाहेरून पाहून प्रत ठरवू नका, आतून पाहा, अशी ती विनवणी आहे. तोलणाऱ्याचा तोलण्याचा अधिकार तिथे शाबूत राहतो. आणि त्याच संतकवीने अन्यत्र आपल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधले आहे. बाबासाहेबांनंतरच्या लेखकाने विनवणी सोडली आणि तराजूच ताब्यात मागितला. 'श्रेणीबद्ध विषमता' हा बाबासाहेबांचा शब्द त्याच्या हाती होता. या व्यवस्थेत नुसते वर-खाली नाही, पायरीपायरीने उतरती प्रतवारी आहे आणि प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी आहे या समाधानावर ती टिकते, हे त्याला कळले होते.

७

आता शेवटची वाट, जिच्यावर मी स्वतः सापडलो. ती साहित्याची.

दलित साहित्यावर 'दर्जा'चा आक्षेप जुना आहे. कच्चे आहे, एकसुरी आहे, प्रचारकी आहे, कलात्मकता नाही. २ मार्च १९५८ रोजी दादरला अण्णा भाऊ साठ्यांनी पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, तेव्हापासून हा सूर ऐकू येतो. 'दर्जा' शब्दाचा मूळ अर्थ पायरी. समीक्षेतल्या 'हलक्या दर्जाच्या'मागे कुठे ना कुठे ती जुनी उतरंड उभी असते. याला उत्तर देताना आपल्या बाजूने असे म्हटले गेले की आमच्या साहित्याला वेगळे मापदंड हवेत. लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) याच गरजेतून आले, आणि माणसाचे स्वातंत्र्य हे सौंदर्यापेक्षा लहान मूल्य नाही ही त्यातली भूमिका मला मान्य आहे.

तरीही एक गोष्ट आपल्यातच बोलायला हवी. वेगळे माप म्हणजे मापातून सूट नव्हे. आपल्या नियतकालिकांत आणि संमेलनांत पोचट कविता पुष्कळ येतात. सूर्य, मशाल, ज्वालामुखी आणि शेवटी जयभीम, एवढ्यावर त्या उभ्या असतात. वेदना आपली आहे म्हणून ती कविता भरलेली आहे असे आपण धरून चालतो. ज्या आज्यांनी मातेऱ्यातून दाणा आणि खडा वेगळा केला त्यांच्या नातवंडांनी निवडायला लाजावे, हे बरे नव्हे. त्या कवितेला पोचट म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र म्हणणाऱ्याने मूठ उघडली पाहिजे. ही ओळ उसनी आहे, ही प्रतिमा झिजलेली आहे, इथे अनुभव सोडून घोषणा दिली आहे, असे बोट ठेवून सांगितले पाहिजे. बुद्धाच्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगतात : या आणि पाहा. समीक्षेलाही मला याहून चांगली अट सुचत नाही.

आणि हाच नियम आपल्या घरातही लागू केला पाहिजे. आपल्यातल्या एका जातीने दुसरीला हलके समजणे थांबलेले नाही. लग्नाच्या बोलणीत, वस्तीच्या वाटणीत, सत्काराच्या यादीत ते दिसते. शिकलेल्याने न शिकलेल्या भावाच्या बोलीला हसणे थांबलेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील, बदलाव्यातच. पण जिभेवरची पाटी मंत्रिमंडळ बदलू शकत नाही. माझ्या जिभेवरची, माझ्या लाल शाईतली पाटी मलाच काढावी लागेल.

'हलका' हा शब्दच टाकून द्या, असे मी म्हणत नाही. शब्द बंदीने मरत नाहीत आणि या शब्दाचे काही अर्थ आपल्या उपयोगाचे आहेत. तो ज्वारीला राहू द्या, मुरमाला राहू द्या, वाऱ्याला आणि जखमेवरच्या हाताला राहू द्या. माणूस, त्याचे काम, त्याचा जन्म आणि त्याची बोली यांच्यावरून तो उतरवला पाहिजे. आणि कुठेही ऐकू आला की तीन प्रश्न विचारायची सवय आपण कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी लावून घेतली पाहिजे : दाखव कुठे आहे? कारण काय? आणि ते बदलले तर तू शब्द मागे घेशील का?

८

मी त्या मुलीची वही परत मागून घेतली. निबंध पुन्हा वाचला. त्यात खरोखरच काही चुका होत्या. दोन ठिकाणी वाक्य तुटले होते, एका परिच्छेदात काळ बदलला होता, शेवट घाईत झाला होता. त्या मी एकेक करून समासात लिहिल्या. 'पाचट', 'वाढं', 'कोपी' यांखालच्या रेघा खोडल्या. 'कोयता अर्धा झाला' या वाक्यापुढे लिहिले : 'हे वाक्य असेच राहू दे.' जुना शेरा खोडला आणि खाली सही केली.

वही देताना म्हणालो, "माझा शेरा चुकला होता. काय काय दुरुस्त करायचं ते आता लिहिलंय."

तिने समास वाचला. मग म्हणाली, "सर, ह्या तुटलेल्या वाक्याचं पटलं. पर शेवट घाईत न्हाई झाला. ट्रक आला म्हून आमीच घाईनं निघालो व्हतो."

त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे.